गुजरीचा परवाना आणि मराठी माणसाची सही

कोल्हापूरची गुजरी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. महाद्वार रोडजवळची ती सराफांची पेठ. सीमाभागातल्या कितीतरी घरांत लग्नाचे डोरले याच गुजरीतून आले. कन्नड भाषेत मात्र 'गुजरी' या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. तिथे गुजरी म्हणजे भंगार, मोडीत निघालेला माल.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका खेड्यातील तिशीतला तरुण ग्रामपंचायतीचा परवाना घेऊन घरी गेला, तेव्हा शेजारच्या शाळकरी मुलाने अक्षरे जुळवून 'गुजरी व्यापार' एवढे वाचून दाखवले. म्हातारे वडील घाबरले. आपण भंगाराचे दुकान मागितले आणि पंचायतीने सोन्याचांदीचा धंदा लिहिला की काय, आता कर किती बसणार, या काळजीत त्यांनी रात्र काढली. सकाळी कोणीतरी अर्थ सांगितला आणि घरात हसू झाले.

हसण्यासारखे होते ते इथपर्यंतच. पुढे आठ महिन्यांनी पोलिसांची गाडी त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी राहिली. शिवारातल्या कूपनलिकांच्या मोटारींची तांब्याची तार चोरीला गेली होती आणि त्यातली चार किलो तार या तरुणाच्या काट्यावरून गेली होती. माल कोणाकडून घेतलास, असे विचारल्यावर त्याने माणसाचे वर्णन सांगितले. नाव, गाव, तारीख काही लिहून ठेवलेले नव्हते. तेव्हा त्याच्याच परवान्याची मागची बाजू उलटून त्याला दाखवण्यात आली. तिथे नऊ अटी छापलेल्या होत्या. त्यातली चौथी अट अशी की, माल विकणाऱ्याचे नाव, पत्ता, मालाचा प्रकार व वजन रोज नोंदवहीत लिहावे आणि मागितल्यास दाखवावे. खाली त्याची सही होती.

तो कागद घेऊन तो आमच्याकडे आला. आमच्या कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याने नऊही अटी मराठीत सांगितल्या. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. आम्ही विचारले, "सही करताना वाचून घेतलं नव्हतंस का?"

तो म्हणाला, "कुठलं वाचतंय, काका? 'इल्ली सही माडी' म्हटलं, केलो की सही."

तार विकणारा पुढे सापडला, म्हणून हा तरुण सुटला. पण चार दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावे लागले, तांबे गेले, दिलेले पैसे गेले, आणि गावात चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या गेल्या त्या वेगळ्याच. या सगळ्यात त्याचा गुन्हा कोणता? नियम मोडायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. नियम आहे हेच त्याला ठाऊक नव्हते, आणि तो नियम त्याच्या स्वतःच्या घरात, भिंतीवर, चौकटीत लावलेला होता.

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्यापुढे शाळा येतात, दुकानांच्या पाट्या येतात, एक नोव्हेंबरचा काळा दिन येतो. ते सर्व महत्त्वाचे आहेच. पण भाषेचा प्रश्न भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत कसा जातो, हे या निमित्ताने सांगावे, असे आम्हाला वाटले.

भंगाराची नोंद हवी कशाला?

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. भंगाराच्या धंद्यावर नोंदणीचे बंधन असणे योग्यच आहे. देवळाची घंटा, विहिरीवरची मोटार, नळाची तोटी, वीज खांबावरची तार, गटारावरचे झाकण यांपैकी काहीही चोरीला गेले तरी चोर ते घरात ठेवत नाही. ते कोणाच्या तरी काट्यावर जाते. प्रामाणिक भंगारवाल्याला चोरापासून आणि संशयापासून वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे नीट ठेवलेली वही.

कायदाही याबाबत कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम चोरीच्या मालासंबंधी आहे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सराईतपणे असा माल घेणाऱ्याला शिक्षा त्याहून फार मोठी आहे. 'मानायला कारण असताना' या तीन शब्दांत भंगारवाल्याचे सगळे आयुष्य अडकलेले असते. वही असली तर तो म्हणू शकतो की मी विचारले, लिहून घेतले, सही घेतली. वही नसली तर त्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

रेल्वेच्या मालाचे तर आणखी कठीण. खानापूर, लोंढा या बाजूला रूळ गावांच्या अंगावरून जातात. रुळाचे खिळे, पट्ट्या कोणी पोरसवदा मुलाने पिशवीत घालून आणल्या आणि आपण लोखंडाच्या भावाने घेतल्या, तर १९६६ चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा कायदा लागू होतो. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हा माल आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आला, हे दाखवण्याची पाळी ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावरच येते.

म्हणून परवाना नको, वही नको, असे आमचे म्हणणे नाही. उलट, या धंद्यातल्या प्रत्येक मराठी माणसाने, आणि मराठीच का, हातगाडीवर 'भंगार, लोखंड, पत्रा' अशी हाळी देत फिरणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करून घ्यावी. आमचे म्हणणे इतकेच की, जो नियम माणसाने पाळावा म्हणून केला, तो त्याला कळेल अशा भाषेत सांगणे हे नियम करणाऱ्याच्याच हिताचे आहे.

कागद किती आणि भाषा किती

आता एका लहान भंगार दुकानदाराला कोणकोणत्या दारांत जावे लागते ते पाहू.

पहिले दार स्थानिक संस्थेचे. गावात असाल तर कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली ग्रामपंचायत, बेळगाव शहरात असाल तर १९७६ च्या महानगरपालिका कायद्याखाली महापालिका. जागा आपली असेल तर ई-स्वत्तूचा उतारा, भाड्याची असेल तर करारपत्र, कर भरल्याची पावती, ओळखपत्र आणि अर्ज. अर्ज कन्नडमध्ये. परवान्याला कन्नडमध्येही 'परवानगी'च म्हणतात, त्यामुळे आपल्या माणसाला वाटते की हे आपलेच शब्द आहेत. पण शब्द ओळखीचा वाटणे निराळे आणि वाक्य कळणे निराळे. 'पहणी' म्हटले की मराठी माणूस साहेब पाहणीला येणार असे समजतो. प्रत्यक्षात तो शेतजमिनीचा उतारा असतो. सीमाभागातल्या अशा अर्ध्या ओळखीने जितका घोटाळा होतो, तितका पूर्ण अनोळखी भाषेनेही होत नसेल.

दुसरे दार वजनमापांचे. २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणे काटा तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी. भंगाराच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पहिला संशय काट्यावर असतो, तेव्हा हे काम टाळण्यात शहाणपण नाही.

तिसरे दार जीएसटीचे, आणि इथे सीमाभागाची गोष्ट वेगळी होते. कर्नाटकात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरे आहे, पण राज्याच्या आत विकणाऱ्यासाठी. माल दुसऱ्या राज्यात विकला की ही सवलत उरत नाही, उलाढाल कितीही असो. आता बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची मागे पडले की शिनोळी लागते. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. एकाच रस्त्यावरची, एकाच बोलीची, सोयरीक असलेली ही गावे. पण बाचीच्या बाजूने बिडाचे भंगार शिनोळीला किंवा पुढे कोल्हापूरच्या फाउंड्रीला गेले की तो आंतरराज्य व्यापार झाला. मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिलही हवे. ज्याच्या आजोबांनी ही सीमा कधी मानली नाही, त्याच्या नातवाला ती टेम्पोच्या कागदांत भेटते.

१० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारासाठी आणखी नियम आले. नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने भंगार घेतले तर कर घेणाऱ्याने भरायचा. दोन नोंदणीकृत व्यापाऱ्यांमध्ये अडीच लाखांच्या वरचा व्यवहार असेल तर दोन टक्के रक्कम कापून घ्यायची. यामुळे मोठे व्यापारी आता लहान भंगारवाल्याला 'नंबर आहे का' असे प्रथम विचारतात. हे सगळे काम इंग्रजीत चालते.

चौथी गोष्ट, काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही. गाडीची जुनी बॅटरी फोडून शिसे काढणे हा पूर्वी या धंद्यातला नेहमीचा भाग होता. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार अशी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच पोचली पाहिजे. टीव्ही, संगणक, मोबाइल यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम आहेत. तारेवरचे प्लास्टिक जाळून तांबे काढणे तर ज्याच्या अंगणात चालते त्याच्याच पोरांच्या छातीत जाते. हे नियम चांगले आहेत. पण शिशाचे विष पोटात गेल्यावर ते कन्नड, मराठी पाहत नाही. त्याची सूचना मात्र एकाच भाषेत असते.

थोडक्यात, चार दारे, त्यांतली काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. मराठी कुठेच नाही. मग या माणसाने करायचे काय? तो एजंट गाठतो. एजंट अर्ज भरतो, पैसे घेतो, बोटाने जागा दाखवतो, आणि हा सही करतो. कागद येतो तो चौकटीत घालून देवाच्या तसबिरीशेजारी लावला जातो. वाचणारा घरात कोणी नसतो.

अर्जाची भाषा ठरली कशी?

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. वाडवडिलांचे खरेदीखत, वाटणीपत्र, जुना सातबारा आजही कित्येकांच्या ट्रंकेत मराठीत आहे. नंतर हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. निकालाची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली आणि दुसरी कमावती झाली.

दरम्यान राजभाषेचा कायदा १९६३ मध्ये झाला. स्थानिक संस्थांचा कारभार कन्नडमध्ये करण्यासाठी १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा आला. २०२२ च्या कन्नड भाषा विकास कायद्याला २०२४ मध्ये दुरुस्ती जोडून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही पाटीच्या वरच्या अर्ध्या भागात, असे बंधन घातले गेले. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला बंदी नाही, हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावे. बंदी नसलेली जागादेखील भीतीपोटी रिकामी सोडणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत.

दुसऱ्या बाजूला घटनेने भाषिक अल्पसंख्याकांना काही हक्क दिले आहेत. ३५० व्या कलमाने प्रत्येक माणसाला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. मराठी त्यात येते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे घातली. पहिले मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयी, दुसरे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांविषयी. त्याखेरीज केंद्र व राज्ये यांनी मान्य केलेल्या संरक्षण योजनेत असे आहे की, जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात ज्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक असतील, तिथे महत्त्वाचे नियम, सूचना, कायदे त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक १८ टक्क्यांहून अधिक होते. पश्चिमेकडच्या खेड्यांत तर गावेच्या गावे मराठी.

मग ही सूचना भंगारवाल्याच्या परवान्यापर्यंत का पोचत नाही? कारण ती योजना आहे, मोडली तर दंड होईल असा कायदा नव्हे. आणि ३५० वे कलम गाऱ्हाण्यापुरते आहे. परवान्याचा अर्ज म्हणजे गाऱ्हाणे नव्हे, आणि उत्तर त्याच भाषेत मिळेल असेही त्या कलमात म्हटलेले नाही. हक्काची बढाई मारताना हक्काची मर्यादाही माहीत असावी, नाहीतर कचेरीत फजिती होते.

सगळा दोष सरकारच्या पदरात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. अनेक ग्रामपंचायतींत निवडून आलेले सदस्य मराठी आहेत. सभेत चर्चा मराठीत होते, ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो आणि सदस्य खाली सही करतात. आपल्या ठरावात काय लिहिले हे वाचून घेण्याचा आग्रह किती सदस्य धरतात? भंगारवाल्याने न वाचता सही केली म्हणून त्याला हसण्याआधी आपण आपल्या सह्या आठवाव्यात.

वेल्समधला भंगारवाला

मोठ्या भाषेच्या राज्यात लहान भाषेचा माणूस परवाना कसा काढतो, याचे एक उदाहरण दूरच्या देशातले आहे, पण ते नेमके याच धंद्याचे असल्यामुळे इथे देत आहोत.

इंग्लंड आणि वेल्ससाठी ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये भंगार धातूच्या व्यापाऱ्यांचा कायदा केला. तिथेही तांब्याच्या तारा, रेल्वेच्या केबली, चर्चच्या छपराचे शिसे चोरीला जाण्याचा सुळसुळाट झाला होता. या कायद्याने स्थानिक कौन्सिलचा परवाना सक्तीचा केला. आवार असलेल्या दुकानदाराला एका प्रकारचा, दारोदार फिरून माल गोळा करणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचा. परवाना तीन वर्षांचा. अर्जदार या धंद्याला लायक आहे की नाही, पूर्वी काही गुन्हा आहे काय, हे कौन्सिल पाहते. भंगाराचे पैसे रोख द्यायला मनाई आहे, विकणाऱ्याची ओळख पटवावी लागते, आणि नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. म्हणजे आपल्या तरुणाच्या परवान्यावरची चौथी अट तिथे संसदेच्या कायद्यातच आहे.

आता भाषेचे पाहा. वेल्समध्ये इंग्रजी सर्वांना येते. वेल्श भाषा बोलणारे २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के होते, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील मराठी माणसांच्या प्रमाणाएवढेच. तरी २०११ च्या वेल्श भाषा कायद्याने त्या भाषेला अधिकृत दर्जा दिला, आणि २०१५ च्या नियमांनुसार तिथल्या कौन्सिलांवर जनतेसाठीचे अर्ज वेल्शमध्येही देण्याची आणि वेल्श अर्जाला इंग्रजीपेक्षा कमी न लेखण्याची जबाबदारी आली. त्यामुळे कायदा लंडनमध्ये इंग्रजीत झाला, तरी वेल्श गावातल्या भंगारवाल्याला त्याच्या अटी स्वतःच्या भाषेत वाचता येतात. यामुळे ब्रिटनचे राज्य मोडले नाही की इंग्रजीचा मान कमी झाला नाही.

आमच्या मते यात शिकण्यासारखे आहे ते हेच. कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा शेकडो वर्षे एकत्र नांदल्या आहेत, आणि तो कारकूनही त्याच्या परीने सौजन्यानेच वागला होता. त्याच्यासमोर जो छापील अर्ज होता, तोच त्याने पुढे केला. परवान्याच्या मागे नऊ कन्नड अटींखाली नऊ मराठी ओळी छापायला पंचायतीला किती खर्च आला असता? त्या असत्या तर चोर आठ महिन्यांऐवजी त्याच दिवशी सापडला असता. चोरी झालेल्या मोटारींचे शेतकरी कोण, कन्नड की मराठी, हा प्रश्न तार चोरणाऱ्याने विचारला नव्हता.

तोवर काय करावे?

मराठी कागदपत्रांची मागणी चालू राहिली पाहिजे, आणि ती राहीलच. पण ती मान्य होईपर्यंत धंदा थांबत नाही. म्हणून सीमाभागातील भंगारवाल्यांना, आणि खरे तर हॉटेलवाल्यांना, गिरणीवाल्यांना, वेल्डिंगवाल्यांनाही, काही गोष्टी सुचवतो.

न वाचलेल्या कागदावर सही करू नका. कागद घरी नेऊन वाचून घेतो, असे म्हणायला लाज कसली? गावात कन्नड शाळेत शिकलेली आपलीच मुले आहेत, कन्नड मित्र आहेत. तो मजकूर मराठीत लिहून काढा आणि परवान्याच्या शेजारी लावा. बँकेत कर्ज देताना मजकूर कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितला, असे लिहून घेतात. पंचायतीतही तुम्ही तसे विचारू शकता. सही मराठीत करा. त्याला कोणाचीही आडकाठी नाही.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. कर्नाटकात 'सकाल' नावाचा कायदा २०११ चा आहे. आपल्याला तो शब्द सकाळसारखा वाटतो, पण कन्नडमध्ये त्याचा अर्थ वेळेवर. ज्या सेवा या कायद्यात आहेत त्यांच्या अर्जाला १५ अंकी क्रमांक मिळतो, किती दिवसांत काम व्हावे हे ठरलेले असते, आणि उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. व्यवसाय परवान्यासाठी हा क्रमांक मागून घ्या. रक्कम मोठी नाही, पण क्रमांक हातात असला की 'उद्या या' म्हणणाऱ्याला तारीख सांगावी लागते.

माहिती हवी असेल तर २००५ चा माहिती अधिकार वापरा. हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. मराठी त्यात नाही, पण हिंदी आहे, आणि तीही देवनागरीतच. परवान्याच्या अटी कोणत्या, शुल्क किती, नूतनीकरण कधी, हे साध्या हिंदीत विचारता येईल. गाऱ्हाणे असेल तर मात्र ते ३५० व्या कलमाचा उल्लेख करून मराठीतच द्या, आणि त्याचीही पोच घ्या. असे मराठी अर्ज पंचायतीच्या दप्तरात साठले पाहिजेत. मराठीत कोणी काही मागतच नाही, असे उद्या कोणी म्हणाले तर दप्तर बोलले पाहिजे.

नूतनीकरणाची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. सीमेपलीकडे माल विकत असाल तर जीएसटीची नोंदणी टाळू नका. एका रात्रीत अडवलेला टेम्पो वर्षाचा नफा खातो.

आणि वही ठेवा. ती वही मराठीत ठेवा. तारीख, नाव, गाव, मोबाइल नंबर, माल कोणता, वजन किती, पैसे किती, विकणाऱ्याची सही. तांबे आणि पितळ घेताना ओळखपत्राची झेरॉक्स मागा. जो ओळखपत्र म्हटल्यावर पिशवी उचलून चालू लागतो, त्याचा माल गेला तर जाऊ द्या.

अखेरीस त्या तरुणाविषयी. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तो आम्हाला बरोबर घेऊन गेला. अर्ज पुढे आला तेव्हा त्याने कारकुनाला सांगितले की, मागच्या अटी वाचून दाखवा, मग सही करतो. कारकुनाने जरा वर पाहिले. मग चष्मा लावला आणि अडखळत, अर्धे कन्नड, अर्धे मराठी असे करत नऊच्या नऊ अटी वाचून सांगितल्या. सहाव्या अटीपाशी तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "हे असं आहे होय? मीपण कधी वाचलो नव्हतो."

तरुणाने मराठीत सही केली. त्याच्या शेडमध्ये आता काट्याशेजारी दोरीला बांधलेली लाल वही लटकते. भिंतीवर परवाना आहे, आणि त्याच्या खाली, दहावीतल्या पुतणीने वळणदार अक्षरात लिहिलेल्या नऊ मराठी ओळी.

त्या ओळी लिहिण्याचे काम पुतणीचे नव्हते, पंचायतीचे होते. ते पंचायतीने करावे, ही आमची मागणी आहे. ते होईपर्यंत प्रत्येक घरातल्या पुतणीने लेखणी हाती घ्यावी, ही आमची विनंती आहे.